रिमोटच्या गाडीचा नाद

गेल्या वर्षी ईदला मुलांच्या अब्बूंनी कुवेतहून येणाऱ्या गाववाल्याच्या हाती धाकट्यासाठी रिमोटची जीप पाठवली. लाल रंगाची, दिवे लागणारी, हॉर्न वाजवणारी. ईदच्या तिसऱ्या दिवशी ती ओटीच्या पायरीवरून खाली आली आणि पुढचे चाक बाहेर लोंबू लागले. तालुक्याच्या खेळण्यांच्या दुकानात नेली तर दुकानदार म्हणाला, "भाभी, ह्याचे पार्ट येत नाहीत. दुसरी घ्या." मी ती पिशवीत घालून घरी आणली आणि माळ्यावर टाकणार होते. धाकटा नववीत. तेव्हा त्याचे सगळे लक्ष मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळात. जेवायला हाक मारली तरी डोके वर होत नसे. अब्बूंचा फोन आला की "पढाई कशी आहे?" "ठीक." "नमाज?" "पढतो." एवढे झाले की फोन माझ्याकडे. मुलगा आणि बाप यांच्यात बोलायला काही उरलेच नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्याची मला जीपपेक्षा जास्त काळजी होती.

माझे भाऊ, म्हणजे मुलांचे मामू, यांचे वाइंडिंगचे दुकान आहे. पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर. त्यांनी जीप काउंटरवर ठेवली, चार स्क्रू काढले आणि धाकट्याला जवळ बोलावले. आत बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी. "बघ, सगळा संसार एकाच पट्टीवर. रिमोटचं ऐकणारी हीच, मोटर फिरवणारी हीच, चाकं वळवणारीही हीच. एक गेलं की सगळं गेलं." वळण्याची तऱ्हाही तशीच. चाके एकतर पूर्ण डावीकडे, नाहीतर पूर्ण उजवीकडे. मध्ये काही नाही.

खेळण्यातली गाडी आणि शौकिनांची गाडी यांतला फरक मला त्या दिवशी कळला. शौकिनांच्या गाडीत प्रत्येक काम वेगळ्या वस्तूकडे असते. हातातला ट्रान्समीटर, गाडीतला रिसीव्हर, चाके वळवणारा सर्व्हो, मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा स्पीड कंट्रोलर, मोटर आणि बॅटरी. यातले काहीही बिघडले तर तेवढेच बदलायचे. गाडी मोडते, पण संपत नाही.

हा नाद नवा नाही. १९६६ च्या सुमारास इटलीत अशा पहिल्या मोटारी विक्रीला आल्या. घरोघरी तो पोहोचवला मात्र जपानने. शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. पुढे ते लाकडी नमुने बनवू लागले, मग प्लास्टिकचे. पोर्शे मोटारीचा हुबेहूब नमुना करण्यासाठी त्यांनी खरी पोर्शे विकत आणून तिचे भाग सुटे केले, ही गोष्ट या शौकिनांत अजून कौतुकाने सांगतात. १९७६ मध्ये त्याच पोर्शेची १:१२ मापाची रिमोटवर चालणारी मोटार त्यांनी बाजारात आणली. तयार नाही, सुट्या भागांची पेटी. मुलाने कागदावरचे चित्र बघत स्वतः जोडायची. धाकट्याला सगळ्यात जास्त आवडले ते हेच. विकत आणलेली वस्तू आधी अर्धवट असते.

त्याने ईदी जमवून ठेवली होती. त्यात मी थोडी भर घातली आणि १:१६ मापाचा, सुट्या भागांत मिळणारा एक स्वस्त ट्रक मागवला. साडेतीन हजारांच्या आसपास पडला. जोडायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी लक्षात आले की मागचा ॲक्सल उलटा बसला आहे. पुढची चाके पुढे आणि मागची चाके मागे जाऊ पाहत होती, ट्रक जागच्या जागी थरथरत होता. दादी ओटीवर बसून हसता हसता खोकू लागल्या. धाकटा चिडला नाही. पुन्हा सगळे खोलले. मोबाईलच्या खेळात हरला की हाच मुलगा उशी भिंतीवर मारायचा, म्हणून मी हे मुद्दाम लिहून ठेवते.

मोबाईल सुटला असे मात्र नाही. कुठला स्क्रू कुठे लागतो हे तो मोबाईलवरच बघतो. फक्त आता बघून झाले की मोबाईल बाजूला ठेवून हात चालवावे लागतात.

मोटरचे शास्त्र मामूंनी शिकवले. या गाड्यांच्या साध्या मोटरवर किती वेढे आहेत यावर तिचा स्वभाव ठरतो. वेढे कमी आणि तार जाड असली की मोटर जोरात पळते, पण करंट जास्त खाते आणि तापते. वेढे जास्त असले की वेग कमी, पण बॅटरी जास्त वेळ टिकते. "पंपाचं गणित आणि ह्याचं गणित एकच," मामू म्हणाले. मोटरच्या टोकाला छोटे दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. पिनियनला १५ दाते आणि मोठ्याला ६० असतील तर मोटरच्या चार फेऱ्यांत पुढचे चाक एकदा फिरते. जास्त दात्यांचे पिनियन लावले की वेग वाढतो आणि ताकद घटते. शाळेत गुणोत्तर-प्रमाणाला कंटाळणारा मुलगा वहीच्या मागच्या पानावर हे हिशोब करू लागला.

ही दोन चाके किती घट्ट बसवायची, याची एक सोपी युक्ती आहे. दोघांच्या दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून धरायची, स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी काढून घ्यायची. कागदाच्या जाडीएवढी जी जागा उरते ती पुरेशी. घट्ट बसले तर मोटर तापते, सैल राहिले तर दाते खाल्ले जातात. दुसरी गोष्ट स्क्रूची. धातूत बसणारा स्क्रू धक्क्यांनी सुटतो, म्हणून त्याला थेंबभर थ्रेड-लॉक लावतात. प्लास्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला लावायचे नाही, प्लास्टिक तडकू शकते. आम्ही लावले आणि एक भाग घालवला.

सर्व्हो ही मला यातली सर्वांत अजब वस्तू वाटते. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. रिसीव्हरकडून तिला सेकंदाला साधारण ५० वेळा इशारा येतो. इशारा दीड मिलिसेकंदाचा असला तर चाके सरळ. तो एका मिलिसेकंदाकडे घटला की चाके एका बाजूला, दोनकडे वाढला की दुसऱ्या बाजूला. म्हणजे बोट जेवढे वळेल तेवढेच चाक वळते. जुन्या गाड्यांत २७ मेगाहर्ट्झच्या लहरी असायच्या आणि दोघांचे चॅनल एक असले की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी पळायची. आता बहुतेक २.४ गिगाहर्ट्झ वापरतात. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची आधी एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते, मग ते दुसऱ्याचे ऐकत नाहीत.

आमच्या घराच्या मागे चढण आहे आणि चढण संपली की सडा. उघडा, खडबडीत जांभा. वेगाच्या गाडीचे तिथे काही काम नाही. पण या शौकात खडकांवर चढणाऱ्या, माणसाच्या चालीने चालणाऱ्या गाड्यांचा एक वेगळा प्रकार आहे. त्यांना क्रॉलर म्हणतात. आमचा ट्रक क्रॉलर नव्हता, पण त्याला तसे करायचे धाकट्याने ठरवले, आणि इथे अब्बूंचे काम पडले.

ट्रक जांभ्यावर चढताना एक चाक हवेत गेले की तेच गरागरा फिरायचे आणि खडकावर टेकलेले चाक गप्प बसायचे. मामूंना हे कळेना. एका जुम्म्याला अब्बूंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा धाकट्याने ट्रक कॅमेऱ्यासमोर धरला. अब्बू तिथे अवजड वाहनांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. ते एकदम उठून बसले. "अरे, हे तर डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. म्हणून दोघांना वेगवेगळं फिरू देतात. पण चिखलात हीच सोय नडते. आमच्या टिपरला त्यासाठी लॉक असतं." मग कागदावर चित्र काढून ते कॅमेऱ्याला दाखवत राहिले. त्या दिवशी फोन पाऊण तास चालला आणि माझ्याकडे आलाच नाही. मला राग यायला हवा होता.

दोघांनी ठरवून डिफरन्शियलचे आतले दाते एकमेकांना कायमचे पक्के करून टाकले. आता दोन्ही चाके बरोबरच फिरतात. वळायला जागा जास्त लागते, पण एक चाक हवेत असले तरी दुसरे गाडी ओढते. त्यानंतर वजनाची गोष्ट. चढणीवर गाडी मागे उलटू नये म्हणून वजन खाली आणि पुढे हवे. परदेशात यासाठी पितळेचे भाग विकत मिळतात. आमच्याकडे जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या होत्या. त्या ठोकून चपट्या केल्या आणि पुढच्या चाकांच्या आत चिकटवल्या. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खायला बसायचे नाही, हा नियम मी त्याच दिवशी केला.

आता ती रात्र. लिहू की नको असे वाटत होते, पण हे वाचून कोणी मुलाला अशी गाडी घेऊन देणार असेल तर त्याला माहीत हवे. ट्रकची बॅटरी लिपो जातीची होती, म्हणजे लिथियम पॉलिमर. हलकी आणि ताकदवान. एकदा ट्रक कड्यावरून पडला तेव्हा तिचा कोपरा चेपला होता. धाकट्याने ते सांगितले नाही. रात्री ती चार्जला लावली, तीही गोधड्यांच्या ढिगावर, आणि झोपला. मला जाग आली ती उग्र, गोडसर वासाने. बॅटरी फुगून उशीसारखी झाली होती आणि धूर येत होता. मी बटण बंद केले, नाकाला ओढणी लावली, वायर ओढली आणि गोधडीसकट सगळे अंगणात नेले. बांधकामाची वाळू पडली होती, ती वर टाकली. तेवढ्यात बॅटरीने पेट घेतला. गोधडी गेली. सासूबाईंच्या हातची होती. दोन मुले त्याच खोलीत झोपली होती, हे आठवले की अजून हात थंड पडतात.

सकाळी अब्बू फोनवर म्हणाले, "बंद कर हे सगळं. माळ्यावर टाक." मीही तेच म्हणाले. आठ दिवस ट्रक माळ्यावर होता. धाकटा काही बोलला नाही, पुन्हा मोबाईलमध्ये गेला. नवव्या दिवशी मामूंनी त्याला दुकानात बोलावून लिपोबद्दल जेवढे माहीत आहे तेवढे वहीत लिहून घ्यायला लावले. ती वही आता आमच्या घराचा कायदा आहे. दोन सेलची बॅटरी, प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, त्याच्या वर नाही. वापरताना ३.२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, त्यासाठी शिट्टी वाजवणारा छोटा अलार्म बॅटरीला लावायचा. बरेच दिवस वापरायची नसेल तर ३.८ वर ठेवायची. चार्जर दोन्ही सेल वेगळे मोजणारा, बॅलन्स चार्जर, हवा. २२०० एमएएचची बॅटरी असेल तर चार्जरवर २.२ अँपिअरच्या वर जायचे नाही. चार्जिंग फरशीवर, आजूबाजूला कपडा-कागद नाही, घरातले मोठे माणूस जागे असताना आणि जवळ असताना. फुगलेली, चेपलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करायची नाही आणि कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. लहान मुलांसाठी तर निकेल जातीची, ७.२ व्होल्टची बॅटरी घ्यावी. जड असते, पण इतकी चिडखोर नसते. हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर गोधडी वाचली असती.

ज्यांच्या घरचे लोक आखातात आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. सुटी लिथियम बॅटरी विमानात मोठ्या सामानात टाकता येत नाही, ती हातातल्या बॅगेतच आणावी लागते, टोके झाकून.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता. त्यांनी सरळ विचारले, "हा इसराफ नाही का? एवढ्या पैशांत कुणाच्या घरचा महिन्याचा किराणा येईल." प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. या शौकाला तळ नाही. एक भाग धातूचा घेतला की त्याच्या शेजारचा प्लास्टिकचा भाग तुटतो, मग तोही धातूचा लागतो. लाखाच्या घरात पैसे घालणारे लोक आहेत. आमच्याकडे ठरले ते असे, की नवा भाग ईदीतून किंवा मामूंच्या दुकानात सुट्टीत काम करून मिळालेल्या पैशांतूनच येईल, आणि जुना दुरुस्त होतो का हे आधी बघायचे. मौलाना साहेबांना विचारले तेव्हा त्यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांची आठवण करून दिली. त्यांच्याकडे बाहुल्या होत्या आणि कापडी पंखांचा एक घोडाही होता, हे अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात आले आहे. खेळण्याला मनाई नाही, खेळण्यामागे नमाज आणि घर विसरण्याला आहे, असे ते म्हणाले. सासूबाईंचे अजून पूर्ण समाधान झालेले नाही.

मला स्वतःला वेगळीच गोष्ट आठवते. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा म्हणून ओळखले जाणारे तीन भाऊ होते. आपोआप चालणाऱ्या युक्तीच्या वस्तूंवर त्यांनी 'किताबुल हियल' हे पुस्तक लिहिले. पुढे आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकिर इथे इस्माईल अल-जझरी होऊन गेले. पंचवीस वर्षे दरबारात कारागिरी करून त्यांनी १२०६ मध्ये पन्नास यंत्रांचे पुस्तक पुरे केले. त्यात पाणी उपसायची यंत्रे आहेत, हत्तीचे घड्याळ आहे, आणि तलावात तरंगणारी एक नावही आहे. तिच्यातले चार पुतळे मेहमानांसाठी आपोआप वाद्ये वाजवायचे. म्हणजे करमणुकीचे खेळणेच. पण त्यांनी प्रत्येक यंत्र कसे करायचे हे मापांसह आणि चित्रांसह लिहून ठेवले. आपण त्यांची नावे जलशात अभिमानाने घेतो आणि घरातल्या मुलाने पेचकस हातात घेतला की ओरडतो, "मोडशील!"

हिवाळ्यात अब्बू ४५ दिवसांच्या सुट्टीवर आले. सोबत १:१० मापाच्या क्रॉलरची पेटी होती. किंमत त्यांनी मला अजून नीट सांगितलेली नाही. बापलेक रोज इशानंतर ओटीवर चादर पसरून बसायचे. पहिले दोन दिवस अब्बूंनीच सगळे स्क्रू आवळले, धाकटा नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अब्बू, हा शॉकअप उलटा बसवलाय तुम्ही." खरेच उलटा होता. त्यानंतर एलन-की धाकट्याच्या हातात आली. शॉकअपमध्ये सिलिकॉनचे तेल भरतात, बुडबुडे निघून जाईपर्यंत ते उभे ठेवतात आणि दांडा हळूहळू वर-खाली करतात. घाई केली तर हवा राहते आणि शॉकअप नुसता उडतो. दोघे घड्याळ लावून गप्प बसून राहायचे.

बॉडी रंगवायचे काम थोरलीने घेतले. तिचा हात धाकट्यापेक्षा स्थिर आहे, वायरींचे सोल्डरिंगही तीच करते, हे तो कोणासमोर कबूल करत नाही. बॉडी पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्याची असते आणि रंग आतून द्यायचा असतो, म्हणजे खडकावर घासली तरी जात नाही. त्यामुळे सगळे उलटे. बाहेरून जे आधी दिसायला हवे ते आतून आधी रंगवायचे, पट्ट्या पहिल्या, मोठा रंग नंतर. आधी भांड्यांच्या साबणाने धुवून तेलकटपणा घालवायचा. रंगही पॉलिकार्बोनेटसाठीचाच हवा, साधा स्प्रे पापुद्रे होऊन निघतो. तिने एस.टी.चा लाल रंग दिला आणि दरवाजावर आमच्या गावाची पाटी लिहिली. उलटी अक्षरे लिहायला आरसा घेऊन बसली होती. एक मात्रा तरी चुकलीच.

सुट्टीच्या शेवटच्या जुम्म्याला सगळे सड्यावर गेलो. सासूबाईसुद्धा. शेजारच्या सुतारांच्या मुलाने फळ्यांचा पूल करून आणला होता. क्रॉलर पहिल्या मोठ्या खडकावर तीनदा घसरला. चौथ्यांदा अब्बू म्हणाले, "थांब, टायर बघ." टायरच्या आत फोम असतो, तो जास्त कडक होता. धाकट्याने चाक तिथेच उघडले, फोमला चाकूने खाचा पाडल्या आणि पुन्हा बसवले. टायर खडकाला चिकटून दबू लागला आणि गाडी वर गेली. मगरीबची अजान झाली तेव्हा ती सड्याच्या टोकाला होती आणि उचलून आणायला सासूबाईच आधी उठल्या.

अब्बू परत गेले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसा क्रॉलर खोलून बिस्किटाच्या डब्यात ठेवला आहे. जांभ्याची लाल माती बेअरिंगमध्ये शिरली होती, आठपैकी तीन गंजली आहेत. धाकट्याने ती काढून मापाची चिठ्ठी केली, ५ बाय ११ मिलिमीटर. येणाऱ्या गाववाल्याच्या हाती अब्बू ती पाठवणार आहेत. काल रात्री फोनवर तो विचारत होता, रबरी झाकणाची घ्यायची की पत्र्याच्या झाकणाची. अब्बूंचे म्हणणे रबरी. मामूंचे म्हणणे पत्र्याची. यावर अजून चर्चा चालू आहे.